दोन किरणोत्सवांमधला हिवाळा

या वहीची बहुतेक पाने कोरी आहेत, आणि तरीही तिला प्रस्तावना आहे. छापील पुस्तकाची प्रस्तावना पुढे काय वाचायला मिळेल ते सांगते. इथे पुढे काय लिहिले जाईल ते ठरवायचे आहे कोल्हापूर शहरातल्या आणि करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगल्याच्या गावांतल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आपल्या आसपासचे पक्षी, किडे, साप, जनावरे पाहायची आणि तारीख घालून लिहून ठेवायची, एवढेच काम. तेव्हा प्रस्तावनेने फार तर कुठे पाहावे, केव्हा पाहावे आणि एवढा खटाटोप कशासाठी, हे सांगावे.

आधी ऋतूविषयी. आपल्याकडे निसर्ग पाहायचा तो पावसाळ्यात, असा समज पक्का बसला आहे. मसाई पठारावर फुले आली की गाड्यांची रांग लागते, आंबोलीच्या बेडकांसाठी लोक रात्र जागवतात. दिवाळीचे फटाके वाजेपर्यंत ही हौस संपलेली असते. पठार पिवळे पडते, मोबाइलमध्ये टिपण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागते. खरे तर कोल्हापूरच्या पक्ष्यांचा हंगाम तेव्हा कुठे सुरू होतो. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकातला पानगळीचा शरद आपला नव्हे. आपला शरद म्हणजे कमरेएवढे गवत, ऑक्टोबरची काहिली आणि किड्यांचा महापूर. पाने गळतात ती शिशिरात, आणि गळता गळताच काटेसावरीला कळ्या धरतात. या दोन टोकांच्या मधे उत्तरेकडून पाहुणे येतात, राहतात आणि जातात.

तारखेचे महत्त्व कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत. तसेच पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. किरणे यंदा कुठवर पोहोचली, ढग आडवे आले की कुठली इमारत, याची चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावरसुद्धा होते. या दोन तारखांच्या बरोबर मधे 21-22 डिसेंबर, वर्षातला सर्वांत लहान दिवस, बसतो. इकडे एकेचाळीस-बेचाळीस दिवस, तिकडे तेवढेच. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागेवरून मावळतो, त्याच जागेवरून परतताना मावळतो, म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा. भक्तीचा भाग ज्याचा त्याने पाहावा. निरीक्षणाच्या दृष्टीने मात्र हा एका ठरलेल्या जागी उभे राहून, ठरलेल्या दिवशी, एकच गोष्ट दर वर्षी पाहण्याचा प्रकार आहे, आणि तो आपल्या शहराला कुणी परदेशातून शिकवलेला नाही.

पक्षीही हेच घड्याळ वापरतात. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला विल्यम रोवन नावाच्या प्राध्यापकाने 1920 च्या दशकात जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी ऐन बर्फात उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि रोज संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत ऋतूचे बदल सुरू झाले. थंडीपेक्षा दिवसाची लांबी त्यांना ऋतू सांगते, हे त्यातून कळले. म्हणजे गाभाऱ्यात किरण कुठवर आला हे ज्या हिशेबाने ठरते, त्याच हिशेबाने हजारो किलोमीटर दूर एखादा धोबी पक्षी निघायची वेळ ठरवतो. आपल्या वहीची आखणी म्हणूनच दोन किरणोत्सव धरून केली आहे: पहिल्याच्या आधीचा भाग आगमनाचा, दोन्हींमधला मुक्कामाचा, दुसऱ्यानंतरचा परतीचा.

आगमनाच्या भागात पक्ष्यांच्याही आधी चतुर येतात. सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरात एखाद्या मोकळ्या मैदानावर, गांधी मैदानावर म्हणा किंवा विद्यापीठाच्या माळावर म्हणा, पिवळट अंगाचे शेकडो चतुर डोक्याच्या उंचीवर न बसता घिरट्या घालताना दिसतात. पोरे त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. बसत नाही हीच त्याची खूण. हा भटका चतुर आपल्या पावसाच्या डबक्यांत जन्मतो, आणि त्याचे थवे मालदीवच्या बेटांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडले की हे किडे भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. त्याने काय केले होते? वर्षानुवर्षे आपल्या बेटावर चतुर केव्हा दिसले त्या तारखा लिहिल्या होत्या. त्याच सुमारास अमूर ससाणाही नागालँडमधून निघून, भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो, आणि वाटेत हेच चतुर त्याची शिदोरी असावेत असा तर्क आहे. कोल्हापूरच्या आकाशात तो ससाणा दिसेलच असे नाही. चतुर मात्र हमखास दिसतील. ते कोणत्या तारखेपर्यंत दिसले, एवढे लिहिले तरी पुष्कळ.

मग तळी. रंकाळा सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे जाणारे बहुतेक लोक पाण्याकडे पाठ करून भेळ खातात. संध्यामठाच्या बाजूला, जिथे वनस्पती दाटल्या आहेत, तिथे सकाळी थांबावे. काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी, जांभळी पाणकोंबडी, पानांवरून चालणारा कमळपक्षी, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. जलपर्णी वाढली की उघडे पाणी कमी होते आणि बदके येत नाहीत. ती काढली की यंत्राच्या आवाजाने पक्षी काही दिवस उठून जातात. दोन्ही नोंदवावे, मत नंतर बनवावे. कळंबा तलाव जरा आडबाजूला असल्याने बदकांना तो बरा वाटतो. पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडला की तिथे तुतवार शेपटी वरखाली करत फिरतो. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी असते, ती दुर्बिणीशिवायसुद्धा ओळखता येते. विद्यापीठामागचा राजाराम तलाव तिसरा. तिन्ही पाहायला जाऊ नका. एक निवडा आणि दर आठवड्याला तिथेच जा. हा सल्ला पोरांना आवडत नाही, मला माहीत आहे. नव्या जागी नवा पक्षी मिळतो, जुन्या जागी तोच तो वारकरी. पण एका जागी वीस आठवडे गेलेल्याला वारकरी केव्हा वाढले आणि केव्हा घटले हे सांगता येते. वीस जागी एकेकदा गेलेल्याकडे फक्त नावांची यादी उरते.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात मोर आहेत. हिवाळ्यात त्यांच्याकडे नीट पाहिले तर पिसारा आखूड वाटेल. पावसाळा सरताना नर आपली लांब पिसे गाळतो आणि पुढचे काही महिने ती पुन्हा वाढवत असतो. नवा पिसारा किती लांब झाला हे दर महिन्याला एकाच मोराच्या बाबतीत लिहिता आले तर उत्तम. मोर ओळखू आला नाही तर सगळ्यांचा अंदाज लिहावा.

आता ऊस. कोल्हापूरच्या हिवाळ्याचे खरे जंगल दाजीपुरात नाही, ते शिवारात आहे, आणि दर वर्षी ते तोडले जाते. पावसाळाभर पंचगंगेच्या काठाने, भोगावती-कुंभी-कासारीच्या खोऱ्यांतून उभा राहिलेला ऊस म्हणजे दहा-बारा फूट उंच, आत अंधार असलेले, माणूस सहसा न शिरणारे रान. त्यात कोल्हा असतो, रानमांजर असते, मुंगूस, धामण, नाग, घोणस असते, उंदीर तर असंख्य. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात, माळावर त्यांची पाले पडतात आणि कोयता चालू लागतो. एखादा फड दोन-तीन दिवसांत मोकळा होतो. ज्याला जनावरांच्या घराचे काय होते ते पाहायचे आहे, त्याने बांधावर उभे राहून हे दोन-तीन दिवस पाहावेत.

पहिला येतो गाय बगळा. मोळ्या उचलल्या की खाली दडलेले किडे उघडे पडतात, बगळे तोडणाऱ्यांच्या हातभर मागून चालत ते टिपतात. तारेवर कोतवाल येऊन बसतो. कापशी घार फडावर एका जागी पंख फडफडवत हवेत थांबते. तिचे लाल डोळे साध्या दुर्बिणीतून दिसतात. नंतर पाचट पेटवतात. पाचट जाळू नये, ते जमिनीत कुजवावे असे कृषी खाते सांगत असते आणि ते खरेही आहे, पण जाळणारे अजून जाळतात. त्या धुराच्या कडेला काय चालते ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. आगीपुढे पळणारे टोळ, पतंग, नाकतोडे पकडायला कोतवाल ज्वाळांच्या अगदी पुढ्यात झेपावतात, वेडे राघू वरून फेऱ्या मारतात, भिंगऱ्या धुरातून आरपार जातात, घारी उंचावर गोळा होतात. संध्याकाळी राख थंड झाल्यावर धोबी त्या काळ्या जमिनीवर शेपटी हलवत फिरतात. राखेवरचा पांढराशुभ्र धोबी लांबूनही उठून दिसतो.

आणि तोडणीतच पिल्ले सापडतात. फडाच्या मधोमध, शेवटच्या उरलेल्या सरींत, रानमांजराची किंवा वाघाटीची दोन-तीन पिल्ले डोळे किलकिले करून पडलेली असतात. लगेच आरोळी उठते, “बिबट्याची पिल्लं!” गावभर फोटो फिरतात. बहुतेक वेळा ती बिबट्याची नसतात, आणि बिबट्याची असली तरी करायचे तेच असते. ती हाताळू नयेत, दूध पाजू नये, घरी तर मुळीच नेऊ नयेत. वन विभागाला कळवावे आणि पिल्ले सापडली त्याच जागी किंवा अगदी जवळ राहू द्यावीत. आई रात्री येऊन एकेक करून नेते. महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात वन विभागाने असे अनेकदा केले आहे. तोडणीवाल्या टोळीतल्या बायका-पुरुषांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असते. “मामा, यंदा फडात काय काय निघालं?” असे नीट विचारले, तर कोणत्या गावच्या कोणत्या शिवारात काय निघाले याची यादीच मिळते. ती नोंद स्वतः पाहिलेल्यापासून वेगळ्या रकान्यात, ‘ऐकलेले’ म्हणून लिहावी. एक दक्षता सांगितलीच पाहिजे. घोणशीला थंडीत सकाळचे ऊन खायला आवडते आणि पाचटाच्या रंगात ती दिसत नाही. फडात शिरू नका, बांधावरूनच पाहा, पायांत पूर्ण बूट घाला.

गुऱ्हाळे कमी होत चालली तरी अजून आहेत. काहिलीतला रस उकळू लागला की मधमाश्या, गांधीलमाश्या, माश्या वासावर येतात आणि त्यांच्यामागे वेडे राघू. गुऱ्हाळाच्या मांडवाशेजारची तार हे हिवाळ्यातले एक उत्तम ठिकाण आहे, शिवाय गरम गूळ मिळतो.

दाजीपूरविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, नाहीतर कुणी म्हणेल की गव्यांच्या जिल्ह्यात राहून हा माणूस बगळ्यांच्या गप्पा मारतो. 1958 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य राज्यातले पहिले मानले जाते. आज राधानगरी वन्यजीव अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार 351 चौरस किलोमीटर आहे, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. जरूर जावे, मोठ्यांबरोबर आणि रीतसर परवानगी घेऊन. पण गवा आता फक्त तिथे राहत नाही. डिसेंबर 2021 मध्ये गवे थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले. बघ्यांची गर्दी मागे लागली, आणि त्या दिवसांत गव्याच्या हल्ल्यात जवळच्या गावातल्या एका तरुणाचा जीव गेला. जनावर दिसल्यावर त्याच्यामागे धावणे याला निरीक्षण म्हणत नाहीत. त्याला वाट मोकळी सोडून लांबून, उंचावरून पाहावे, आणि पाहता येत नसेल तर घरी जावे.

या जिल्ह्यात जनावरांमागे धावण्याची परंपरा मात्र मोठी आहे. संस्थानच्या काळात इथे पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार होई. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले, आणि भावनगरच्या जोडीने कोल्हापूर हे त्यासाठी नावाजलेले होते. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. ज्या माळांवर काळवीट पळत, ते माळ पुढे पाणी आल्यावर उसाखाली गेले. राधानगरीचे धरण राजर्षी शाहूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हाती घेतले होते. त्या पाण्याने शेतकऱ्याचे भले झाले आणि माळावरच्या प्राण्यांची जागा गेली, दोन्ही एकाच वेळी खरे आहे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ-बिबटे काचेच्या डोळ्यांनी पाहत उभे आहेत. ते पाहायला शाळेच्या सहली येतात. मला त्या शिकाऱ्यांपेक्षा त्यांच्या पुढे चालणारे लोक जास्त महत्त्वाचे वाटतात. शाहू महाराजांनी ज्या फासेपारध्यांना नोकऱ्या आणि घरे दिली, त्यांना माग काढता येत होता: कोणते पाऊल कालचे, कोणते आजचे, तितराची जोडी कोणत्या बांधाला उतरते. ते कुणी लिहून घेतले नाही. चित्त्यांचे फोटो उरले, मागावरचे ज्ञान त्या माणसांबरोबर गेले.

लिहून ठेवल्याने काय होते याचा एक दाखला मुंबईचा आहे. 1906-07 च्या सुमारास खेतवाडीतल्या एका दहा वर्षांच्या मुलाने आपल्या छर्ऱ्याच्या बंदुकीने घरच्या तबेल्यातल्या चिमण्या मारल्या आणि ते वहीत टिपले. भिंतीतल्या घरट्यावर मादी बसली होती, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला होता. नर मारला की थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर येऊन बसे. सात दिवसांत त्याने आठ नर मारले. मुलाने हे आपल्या नेमबाजीच्या बढाईखातर लिहिले होते. पुढे तो सलीम अली म्हणून जगाला माहीत झाला, आणि त्या नोंदीतली खरी गोष्ट त्याच्या लक्षात आली: मादीच्या आसपास जागेसाठी टपलेले नर किती असतात ते त्या आकड्यांतून दिसत होते. बंदूक बाजूला ठेवा, ती नकोच. पण दिवस सात आणि नर आठ, हे त्याने लिहिले नसते तर उरली असती ती फक्त क्रूर मुलाची एक आठवण. आणि पक्षी कोणता होता? चिमणी.

दुर्मिळाच्या मागे लागण्याचा रोग हल्ली लहान वयातच जडतो. मोठ्या लेन्सचा कॅमेरा नसेल तर मूल स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घ्यायला लाजते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर ओढून आणणे तर सर्रास चालते. ते या वहीत चालणार नाही. पक्ष्याला तो आवाज आपल्या हद्दीत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि तो खाणेपिणे सोडून भांडायला येतो. नव्या शोधांचे म्हणाल तर 2009 मध्ये वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातून एक पाल विज्ञानाला नव्याने सांगितली, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. जमिनीवर, पालापाचोळ्यात वावरणारी इवलीशी पाल. ती काही आदल्या रात्री आकाशातून पडली नव्हती. आपल्या पायाखालून पळणाऱ्या पालीकडे कुणीतरी पुन्हा वाकून पाहिले, एवढेच.

नाव येत नसेल तर काय करावे? वर्णन लिहावे. थिरथिऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या मुलाने ‘कंपाउंडच्या भिंतीवर काळसर पक्षी, शेपटी तांबडी, सारखी थरथरते’ असे लिहिले तर पुढे कुणीही ते ओळखेल. ‘सुंदर पक्षी’ असे लिहिले तर कुणीच नाही. कुंपणाच्या झुडपात दिवसभर ‘टक्, टक्’ करणारा, दिसता दिसत नाही असा वटवट्या असतो. त्याचा फक्त आवाज आणि वेळ लिहिली तरी चालेल. तारेवर नीलपंख आला तर दसऱ्याच्या आधी की नंतर, ते जरूर लिहावे. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर तो उघड्या शिवारात दिसू लागतो, याचा एकमेकांशी संबंध असावा. मात्र दर्शनासाठी पिंजऱ्यात आणलेला नीलपंख कुठे दिसला तर तसे आणणे कायद्याने गुन्हा आहे, हे घरच्यांना सांगावे. काही नोंदी शून्याच्या असतील. ‘आज कळंब्यावर एकही बदक नाही’ ही नोंद वाया गेलेली नाही. उलट असे शून्य लिहायला नेटाने गेलेला माणूसच पुढे बदके कोणत्या आठवड्यात आली ते सांगू शकतो.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून सुरू असलेली. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना, आणि तिच्याच जोडीने महाविद्यालयांच्या आणि शाळांच्या आवारातली गणना. पंधरा मिनिटे एका जागी उभे राहून दिसलेले सगळे पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची, एवढे सोपे काम आहे. तोवर दुसरा किरणोत्सव झालेला असेल, काटेसावरीला लाल फुले आलेली असतील आणि त्यांवर भोरड्यांचे थवे कलकलाट करत असतील. मध्य आशियाकडे परत जायच्या आधी त्या अंगावर चरबी चढवून घेत असतात.

शेवटच्या पानांवर ‘पहिले दर्शन’ आणि ‘शेवटचे दर्शन’ असे दोन रकाने आहेत. पहिला भरणे सोपे. पांढरा धोबी अंगणात उतरला की ती तारीख, संपले. दुसऱ्याची अडचण अशी, की एखादे दर्शन शेवटचे होते हे त्या दिवशी कळत नाही. मार्चमध्ये आठवडाभर धोबी दिसला नाही की मग मागे वळून शोधावे लागते, आणि रोज लिहिले नसेल तर सापडत नाही. म्हणून फेब्रुवारी लागला की रोज लिहा, आणि तो दुसरा रकाना पेन्सिलने भरा. बहुतेक वेळा दोन दिवसांनी तोच धोबी पुन्हा गच्चीवर हजर होतो आणि खोडरबर शोधावे लागते.